कमठा आणि कमान

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात आम्ही राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.ला अध्यापन पद्धतीसाठी आम्ही इतिहास घेतला होता, तेव्हापासून तो विषय सुटला नाही. तरीही धनुष्यबाणावर कधी काही लिहावे लागेल असे वाटले नव्हते. ते लिहायला लावले सहावीतल्या एका मुलाने.

एका आंतरशालेय कार्यक्रमात ऐतिहासिक वेशभूषेची स्पर्धा होती. आमच्या मुलांनी पुठ्ठ्याची धनुष्ये केली होती. चित्रात पाहिलेली, टोके पुढे वळलेली, वर चंदेरी कागद. शेजारच्या शाळेची मुले बांबूच्या कामठीची साधी, सरळ धनुष्ये घेऊन आली होती. त्यांच्या एका शिक्षकांनी दोन्हींकडे पाहून हसत म्हटले, "तुमचं धनुष्य बाहेरून आलेलं, आमचं इथलं." बोलण्यात विखार नव्हता. आम्हीही हसलो. पण परतताना रिक्षात तो सहावीतला मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, हमारी कमान कौन-सी है?"

प्रश्न धनुष्याचा नव्हता, हे आम्हाला त्याच वेळी कळले. पण उत्तर मात्र धनुष्यातूनच शोधायचे, असे आम्ही ठरवले. इतिहासाच्या शिक्षकाने भावनेला भावनेने उत्तर देऊ नये. वस्तू हातात घ्यावी, ती काय सांगते ते ऐकावे.

सुरुवात शब्दांपासून केली. उर्दूत धनुष्याला कमान म्हणतात, दोरीला चिल्ला, भात्याला तरकश. मराठीत खेड्यापाड्यांतला जुना शब्द आहे कमठा, म्हणजे बांबूचे वा शिंगाचे धनुष्य. आणि धनुष्यबाण या जोडीसाठी मराठीने शब्द केला तो तिरकमठा. यातला तीर फारसी, कमठा देशी. फारसी बाण देशी धनुष्याला लावून मराठी माणूस कित्येक पिढ्या बोलत आला आणि त्याला कधी अडखळल्यासारखे झाले नाही. पवईजवळच्या एका गावाचे नाव महसुली दप्तरात तिरंदाज असे आहे. फारसी कमानही मराठीत राहिली. दरवाजाची कमान झाली, घड्याळातली स्प्रिंगही कमान झाली.

मग दोन्ही धनुष्ये प्रत्यक्ष ओढून पाहिली. आमच्या पत्त्यातला 'पाडा' हा शब्दच मुळी आदिवासी वस्तीचा आहे. आज मनवेलपाड्यात इमारतींची आणि चाळींची दाटी आहे, पण पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडे जव्हार-मोखाड्याच्या बाजूला गेले की खरे पाडे सुरू होतात. तिथल्या एका वारली घरात आढ्याला धनुष्य टांगलेले होते. शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ते आता सणापुरतेच खाली येते. वारली चित्रांत मात्र ते जागोजाग दिसते. कागदावर ही चित्रे जगभर नेणारे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (1934-2018) यांच्या रेषांतही शिकारी आणि त्याचे धनुष्य आहे.

घरातल्या आजोबांनी धनुष्य उतरवले आणि आम्हाला दिले. एका बांबूची चिरलेली, तासलेली कामठी. लांबी आमच्या खांद्यापर्यंत. ओढायला लागलो तेव्हा पहिली वीतभर दोरी सहज आली. पुढे प्रत्येक बोटागणिक भार वाढत गेला आणि हात गालाजवळ आला तेव्हा समोर भिंत उभी राहावी तसे झाले. दोरी आणखी येईना. बाण सोडला तसा डाव्या मनगटाला झटका बसला. बाण मात्र जिथे पाहत होतो त्याच्या फार दूर गेला नाही. आमची बोटे वेडीवाकडी सुटली होती, मूठही हलली होती. आजोबा म्हणाले, "ते पोटात घालतं." चुका पोटात घालणारे धनुष्य, याहून नेमके वर्णन आम्हाला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडले नाही.

दुसरे धनुष्य ओढले ते एका क्रीडा मैदानावर. नवशिक्यांसाठी असलेले लाकडी धनुष्य, पण टोके पुढे वळलेली. अशा धनुष्याला आता सर्वजण रिकर्व्ह म्हणतात. प्रशिक्षकांनी सांगितले की पूर्ण ओढीला दोन्ही धनुष्यांचा भार साधारण सारखाच असेल. पण हाताला ते खरे वाटेना. इथे भार पहिल्या चार बोटांतच जाणवला. मग तो जवळजवळ एकसारखा राहिला, आणि शेवटी जिथे बांबूने भिंत उभी केली होती तिथे याने आणखी थोडी वाट दिली. गालाशी हात टेकवून क्षणभर थांबता आले, नेम धरता आला. सोडल्यावर झटका कमी, बाण मात्र चपळ. पण तो गेला कुठे? लक्ष्याच्या हातभर डावीकडे. बोटे जराशी तिरपी सुटली होती एवढेच. बांबूने जी चूक पोटात घातली ती याने चव्हाट्यावर आणली.

असे का होते, हे समजायला फार मोठे शास्त्र लागत नाही. मुठीच्या वर-खाली वाकणारे जे दोन भाग असतात त्यांना पाती म्हणू. सरळ धनुष्याची पाती ओढीबरोबर वाकतच जातात. जितकी वाकतात तितकी अधिक हट्टी होतात आणि शेवटी दोरी पात्याशी अशा कोनात येते की ओढणाऱ्याची ताकद वाया जाऊ लागते. वळलेल्या टोकांच्या धनुष्यात सुरुवातीला दोरी त्या वळणावर टेकलेली असते. ओढ वाढली की ती वळणावरून सुटत जाते आणि टोकांचा उपयोग तरफेसारखा होतो. लांब पहारीने धोंडा हलका उचलला जातो तसेच हे. म्हणून शेवटचा भार सारखा असला तरी वळलेले धनुष्य ओढीच्या पहिल्या भागातच अधिक शक्ती साठवून घेते. बाणाला ती शक्ती जास्त मिळते. सरळ धनुष्याची जाड, लांब पाती मात्र तिच्यातला काही वाटा स्वतःकडेच ठेवतात. तोच मनगटाला झटका होऊन कळतो. उलट लांब, सरळ पाती सहजी पिळत नाहीत, म्हणून चुकलेल्या बोटांचा परिणाम कमी. वळलेली पाती चपळ तितकीच नाजूक.

इंग्लंडचे प्रसिद्ध लाँगबो याच सरळ जातीचे. 1545 मध्ये बुडालेले 'मेरी रोझ' हे इंग्रज राजाचे युद्धजहाज 1982 मध्ये समुद्रातून वर काढले. त्यातून शंभराहून अधिक लाँगबो मिळाले, बहुतेक सहा फुटांहून लांब, यू नावाच्या झाडाचे. वारल्याचा कमठा आणि इंग्रज शेतकऱ्याचा लाँगबो एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांची बुद्धी एकच. पायी लढणारा किंवा पायी शिकार करणारा माणूस, हाताशी चांगले झाड, आणि भरपूर लांबी.

वळलेल्या कमानीचे घर दुसरे. मध्य आशियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशात माणूस घोड्यावर होता. घोड्याच्या मानेवरून धनुष्य डावीकडून उजवीकडे न्यायचे तर ते आखूड हवे. पण नुसत्या लाकडाचे आखूड धनुष्य पूर्ण ओढीला मोडते. तेव्हा कारागिरांनी तीन वस्तू एकत्र आणल्या. मध्ये लाकूड, तीरंदाजाकडील बाजूला शिंग, पलीकडील बाजूला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि सर्वांना जोडणारा सरस. शिंग दाबले जाणे सोसते, तंतू ताणले जाणे सोसतात. एक धनुष्य सिद्ध व्हायला महिने लागत, कधी वर्ष. दोरी उतरवली की अशी कमान उलट्या बाजूला वळून बसते. तिला पुन्हा दोरी चढवणे हेच एक कसब होते. उर्दू शायरांनी भुवईला कमान म्हटले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हीच, टोकांशी वळलेली कमान असणार. सरळ कामठीला कोण भुवई म्हणेल?

आखूड कमानीचा आणखी एक परिणाम बोटांवर झाला. पूर्ण ओढीला तिची दोरी इतक्या टोकदार कोनात येते की तीन बोटे तिच्यात चिमटतात. म्हणून तुर्क आणि इराणी तीरंदाज अंगठ्याने दोरी ओढत आणि अंगठ्यात खास अंगठी घालत. शाहजहानची जेड दगडाची अशी एक अंगठी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अंगठ्याने ओढणारा बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला ठेवतो, बोटांनी ओढणारा डाव्या अंगाला. या अंगठीला फारसीत शस्त म्हणतात, नेमालाही शस्तच म्हणतात. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे, तो शब्द इथूनच आला. शाळेत दिवसातून दहा वेळा आम्ही मुलांना शिस्त लावा म्हणून ओरडतो. तो शब्द तीरंदाजाच्या अंगठ्यातला आहे हे कळल्यापासून आमचा आवाज थोडा खाली आला आहे.

आणि याच अंगठ्याची दुसरी कथा सातपुड्यात आहे. भिल्लांत सांगतात की एकलव्याचा अंगठा गेला, म्हणून भिल्ल दोरी ओढताना अंगठा लावत नाही, दोन बोटांत धरतो. लांब, सरळ कमठ्याला बोटेच सोयीची, हे तंत्राचे कारण झाले. पण समाज आपल्या हाताच्या सवयीला जी आठवण जोडतो तीही इतिहासच असते. एकीकडे बादशहाचा अंगठा जेडने जपलेला, दुसरीकडे कापून घेतलेला.

आता प्रश्न असा की ही दोन धनुष्ये आपल्या मुलखात समोरासमोर आली तेव्हा काय झाले? याचे उत्तर पंधराव्या शतकातल्या दख्खनमध्ये मिळते. बहामनी सुलतान अहमदशहा (1422-1436) याने इराक, खुरासान, तुर्कस्तान, अरबस्तानातून तीन हजार तीरंदाज आणवले, असे फिरिश्ता सांगतो. हा इतिहासकार आधी अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि पुढे विजापुरात इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला ग्रंथ लिहिला. पलीकडे विजयनगरचा दुसरा देवराय (1424-1446) सतत हरत होता. त्याने दरबाराला कारण विचारले. उत्तर मिळाले की त्यांचे घोडे चांगले आणि त्यांचे तीरंदाज चांगले. देवरायाने मग काय केले? फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने दोन हजार मुसलमान आपल्या सैन्यात घेतले, राजधानीत मशीद बांधून दिली आणि त्यांना सलाम करणे अवघड जाऊ नये म्हणून सिंहासनापुढे कुराण ठेवले. त्यांच्याकडून आपल्या हिंदू सैनिकांना तीरंदाजी शिकवली, आणि असे साठ हजार तीरंदाज तयार झाले.

आकडे इतिहासकाराचे, ते वाढवलेले असू शकतात. पण देवरायाच्या सेवेतल्या अहमदखानाने 1439 मध्ये बांधलेली मशीद हंपीला आजही उभी आहे. तिच्यावरचा शिलालेख कन्नडमध्ये आहे आणि त्यात मशिदीला धर्मशाळा म्हटले आहे. म्हणजे बाहेरून आलेली कमान वीस-पंचवीस वर्षांच्या आत इथल्या हिंदू सैनिकाच्या हातात गेली होती. 'तुमची' आणि 'आमची' ही वाटणी त्या काळच्या सेनापतीला परवडणारी नव्हती. त्याला फक्त जिंकणारे धनुष्य हवे होते.

पण तुर्कांनाही न जुमानणारा एक शत्रू इथे होता, तो म्हणजे पाऊस. मनवेलपाड्यात जुलै महिन्यात खडूसुद्धा दमट होतो आणि फळ्यावर उमटत नाही. अशा हवेत सरस आणि स्नायूंचे तंतू ओल शोषून घेतात, कमान सैल पडते, जोड सुटू लागतात. उरलेसुरले वाळवी पाहते. म्हणून हिंदुस्थानी कारागिरांनी कमानीवर रोगण चढवले, नक्षी काढली, ती गवसणीत जपली. धनुष्ये करणाऱ्यांना कमानगर म्हणत. कच्छमधले मुसलमान कमानगर पुढे भिंतींवर चित्रे काढू लागले, आणि त्या चित्रकलेला आजही कमानगरी म्हणतात. काही शस्त्रकारांनी तर पूर्ण पोलादाची कमान घडवली. आकार तोच, वळलेला. तिला ना पावसाचे भय ना वाळवीचे, कोठारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी चालेल. पण पोलाद जड. त्याची पाती शिंगाच्या पात्यांइतकी झटकन परतत नाहीत, म्हणून बाणही मंद. हवेशी केलेला तो समझोता होता.

बांबूला हा समझोता करावा लागला नाही. तो याच पावसात वाढलेला. चुलीच्या धुरात ठेवला की कीड लागत नाही, मोडला तर दुसरा तोडावा, दोन दिवसांत नवा कमठा तयार. भिल्लांच्या धनुष्याला तर दोरीही बांबूच्याच सालपटाची असे. दोरी भिजली, ताण गेला, ही तक्रारच नाही. 1858 मध्ये सातपुड्यातल्या अंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल इंग्रजी फौजेशी लढले, त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती हेच होते. बादशाही कमानी तोवर भिंतीवर गेल्या होत्या. बंदुकीने त्यांना केव्हाच निवृत्त केले होते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याच्या प्रश्नामागे एक समजूत आहे, आणि ती फक्त त्याची नाही. आपल्यापैकी अनेकांची आहे, आपल्या शेजाऱ्यांचीही आहे. ती अशी, की वळलेली कमान मुसलमानाची आणि सरळ कमठा इतरांचा. ही समजूत तीन ठिकाणी तुटते.

पहिले ठिकाण हिजाज. इस्लाममध्ये पहिला बाण सोडणारे म्हणून हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांचे नाव आमच्या मुलांना पाठ असते. अरबी तीरंदाजीवरच्या जुन्या ग्रंथांत हिजाजी धनुष्याचे वर्णन आहे. नबअ नावाच्या झाडाच्या एकाच काठीचे ते धनुष्य. शिंग-तंतूंची कमान अरबांनी मोठ्या प्रमाणावर उचलली ती इराण्यांकडून आणि तुर्कांकडून. म्हणजे मक्का-मदिनेच्या मातीतले जुने धनुष्य समरकंदच्या कमानीपेक्षा जव्हारच्या कमठ्याला जवळचे होते.

दुसरे ठिकाण आमच्या अगदी शेजारचे. नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. अरब भूगोलकार त्याला सुबारा म्हणत, दहाव्या शतकात मसूदीने त्याचा उल्लेख केला आहे. या किनाऱ्यावर इस्लाम पहिल्यांदा आला तो गलबतातून, मालाच्या गाठोड्यांबरोबर. घोड्यावर बसून कमान खेचत आला नाही. कोकणातल्या मुसलमान मुलाला आपला पूर्वज घोडेस्वार तीरंदाजच होता असे वाटते, ते चित्रांच्या पुस्तकांमुळे. त्याचा पूर्वज नाखवा असेल, व्यापारी असेल, विणकर असेल, शेतकरी असेल.

तिसरे ठिकाण जळगाव जिल्ह्यात, यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत. तिथले तडवी भिल्ल मुसलमान आहेत आणि आदिवासीही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. बांबूचा कमठा हा त्यांचा वारसा. त्यांना कोणी 'तुमचे धनुष्य कोणते' असे विचारले तर ते काय सांगतील? आणि आपल्या संमेलनांत, आपल्या वार्षिकांत आपण त्यांना हा प्रश्न किती वेळा विचारला?

आजच्या मैदानावर ही दोन्ही धनुष्ये शेजारी उभी आहेत. आपल्याकडच्या स्पर्धांत 'इंडियन राउंड' हा प्रकार आहे. त्यात बांबूच्या धनुष्याने 50 आणि 30 मीटरवर नेम धरतात. ऑलिंपिकमधला रिकर्व्ह 70 मीटरवर खेळला जातो. राजस्थानच्या आदिवासी वस्तीतला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर वाढला, मग रिकर्व्हकडे वळला. 1988, 1992 आणि 1996 अशा तीन ऑलिंपिक स्पर्धा तो खेळला आणि 1992 मध्ये बीजिंगला 30 मीटरवर 360 पैकी 358 गुण मिळवून त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्ह घेऊनच टोकियो ऑलिंपिकला गेला. मध्य आशियातल्या घोडेस्वाराची ती वळलेली टोके आज फलटण तालुक्यातल्या मुलाच्या हातात आहेत, आणि तिला कोणी परकी म्हणत नाही. म्हणूही नये.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गात दोन धनुष्ये नेली. एक पाड्यावरच्या आजोबांनी दिलेला जुना कमठा, दुसरे मैदानावरून दोन दिवसांसाठी मागून आणलेले. बाण नेले नाहीत. बाणाशिवाय ओढलेली दोरी मोकळी सोडली तर धनुष्य मोडते, म्हणून ओढायची आणि हळूच परत न्यायची, असे आधी बजावले. मुलांनी रांगेत येऊन दोन्ही ओढली. डोळे मिटून ओढा, म्हटले. एकाने सांगितले, पहिले शेवटी जिद्द करते. दुसऱ्याने सांगितले, हे आधी जिद्द करते, मग मान जाते. आम्ही फळ्यावर तेच लिहिले. त्याहून चांगली व्याख्या आमच्याकडे नव्हती.

प्रश्न विचारणारा मुलगा शेवटी आला. त्याने कमठा ओढला, मग कमान ओढली, मग पुन्हा कमठा घेतला आणि बराच वेळ हातात धरून राहिला. आम्ही त्याला काही विचारले नाही. तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, दोनों मेरे हाथ में आ गईं."